फळीवर वाळणारे उजवे हात

बाबा,

तुमची बांबूची कोरणी गेल्या पंधरवड्यात मी तुमच्या जावयांच्या हातात दिली. उजव्या हातात. मी कॉलेजात जायला निघाले त्या सकाळी चौक गावातल्या आपल्या गणपतींच्या शेडमध्ये शाडूने भरलेले हात धोतराला पुसत तुम्ही ती माझ्या पिशवीत टाकलीत आणि म्हणालात, "र्‍हाऊ दे जवळ. कायतरी कामाला येल." एवढंच. ती आधी माझ्या कंपासपेटीत राहिली, मग शाळेतल्या टेबलाच्या खणात, मग निवृत्तीनंतर स्वयंपाकघरात चमच्यांबरोबर. घट्ट बसलेली झाकणं उघडायला आणि किसणीत अडकलेलं खोबरं काढायला मी ती वापरत आले. मूर्तीच्या कामाला ती इतक्या वर्षांत एकदाही लागली नाही. आता लागली, असं म्हणायला हरकत नाही, फक्त मूर्ती मातीची नव्हती आणि देवाची तर नव्हतीच.

सगळं क्रमाने सांगते. क्रम सोडून बोललेलं मला खपत नाही हे तुम्हांला माहीत आहे. हल्ली तर थकवा असा असतो की एकदा क्रम सुटला की मी परत वाटेवर येत नाही, ओट्याशी उभी राहून आपण इथे कशाला आलो याचा विचार करत बसते.

गेल्या वर्षीच्या उन्हाळ्यात तुमच्या जावयांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली. पाय पुष्कळसा परत आला, काठी घेऊन ते सोसायटीच्या फाटकापर्यंत जातात. बोलणं अर्धं आलं. एकेक शब्द विहिरीतून ओढून काढावा तसं बोलतात. हात मात्र आला नाही. मूठ मिटून छातीशी धरलेला असतो, जणू आत काही आहे आणि ते कोणी मागेल. खालापूरच्या कचेरीत जन्म काढलेला माणूस. त्यांचं अक्षर तुम्हांला आवडायचं. लग्नाच्या याद्या त्यांनी लिहिल्या तेव्हा तुम्ही कागद उजेडात धरून म्हणाला होतात, "जावई बोलत न्हाय, पर अक्षार बोलतं." आता ते सहीच्या जागी डाव्या अंगठ्याचा ठसा देतात आणि देताना दुसरीकडे बघतात.

नेरळहून एक मुलगी येते, व्यायाम करून घ्यायला. स्कूटरवरून येते, हेल्मेट काढायच्या आधीच बोलायला लागते. तिने पहिल्या महिन्यातच सांगितलं होतं की बोटं वापरली तर चालतील, येत्या काही महिन्यांत नाही चालली तर हात असाच आखडून राहील, मग कोणी काही करू शकणार नाही. मी ते ऐकलं, समजले आणि त्यांच्या शर्टाची बटणं लावत राहिले. बटणं, घास, कंगवा, चष्मा. मला वेळ लागत नाही बाबा. त्यांनी भाताचा घास उचलायचा, तो ताटात पडायचा, पुन्हा उचलायचा, पुन्हा पडायचा, आणि मी समोर बसून बघायचं, हे मला जमत नाही. मी भरवून मोकळी होते. ती मुलगी एकदा वाटीत राजमा घेऊन बसली होती, एकेक दाणा त्यांनी दुसऱ्या वाटीत टाकायचा. दोन दाण्यांनंतर मीच त्यांची बोटं धरून दाणे टाकायला लागले, तेव्हा ती म्हणाली, "काकू, व्यायाम कोणाचा चाललाय? हात काकांचा आणि घाम तुमचा. तुम्ही जरा गॅलरीत बसता का?" माझ्याशी असं बोलायची कोणाची प्राज्ञा नव्हती. कशेळ्याला शाळेत पोरं मला मागून 'पट्टी' म्हणायची, पण मागून. मी गॅलरीत जाऊन बसले. परत आले तर वाटी उपडी आणि राजमा घरभर. त्यांनीच डाव्या हाताने उलटी केली होती. म्हणाले, "बाईचं... काम."

मग तुमच्या नातीने पुण्याहून ती पेटी पाठवली. ती तिकडे कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे आणि सुट्टीच्या दिवशी लग्नाबिग्नाचा विचार करायचा सोडून प्लास्टिकचे यंत्रमानव जोडत बसते; तिच्या कपाटात आख्खी पलटण उभी आहे. फोनवर तोंड दाखवून म्हणाली, "पप्पा, हा तुमचा. सगळे सांधे हलतात, एकेक बोट वेगळं हलतं. आई, तू हात लावायचा नाहीस." तिने हे तीनदा सांगितलं. पेटीवर पांढरा-निळा, तलवारबिलवार घेतलेला राक्षस. तुमच्या जावयांनी पेटी पायाने बाजूला सारली. "खेळणं," म्हणाले. तो शब्द मात्र न अडखळता आला.

पेटी आठ-पंधरा दिवस टीव्हीखाली पडून राहिली. मला घरात अर्धवट वस्तू बघवत नाही, म्हणून एका दुपारी मी ती उघडली. आणि बाबा, मी तशीच बसून राहिले. आत प्लास्टिकच्या चौकटी होत्या, आणि प्रत्येक चौकटीत देठांना लटकलेले तुकडे: मांड्या, पोटऱ्या, खांदे, छातीच्या ढाली. एका चौकटीत नुसते हात. पंजे, बोटं सुटी, अंगठे सुटे. मला चौकची शेड दिसली. श्रावणात तुम्ही भिंतीला लावलेल्या फळीवर उजवे हात वाळत ठेवायचात. नुसते उजवे, आशीर्वादाचे. पुढे आलेला हात काम करताना मोडतो म्हणून तो वेगळा करायचा आणि शेवटी ओल्या मातीच्या लेपाने खांद्याला बसवायचा, ही तुमची पद्धत. खाली जमिनीवर घराघरांतून आलेले पाट मांडलेले, प्रत्येक घराचा गणपती त्या घराच्याच पाटावर बसणार. आणि वर ते हात, सगळे तळवे माझ्याकडे. ते सगळे मिळून ये म्हणताहेत की थांब म्हणताहेत, हे मला लहानपणी कधी कळलं नाही. बाहेर जुन्या हायवेवर ट्रक घाट चढायच्या तयारीने गुरगुरतात, आई कोपऱ्यात बसून पितांबराचा पिवळा रंग भरते, आणि मी उंदीर रंगवते. माझे उंदीर झाले. आईचा हात संथ. मी उठते आणि तिच्या हातातला ब्रश काढून घेते, कारण मला तो पितांबर तिच्याआधी संपलेला दिसतो. तुम्ही मान वर न करता म्हणता, "ए बाय, हात मागं घे. तुज्या हाताला लय घाई हाय. घाईचा हात देवाला नाय चालायचा. ट्रकला चालंल." दुसऱ्या दिवसापासून तुम्ही मला खरोखरच ट्रकच्या नंबरप्लेटी रंगवायला दिल्यात. मी गणिताची बाई झाले ती तिथूनच, असं मी निरोपाच्या भाषणात सांगितलं तेव्हा लोक हसले होते. मी विनोद केला नव्हता.

तर मी जोडायला लागले. पद्धत सोपी आहे. कात्रीसारख्या कटरने तुकडा देठापासून कापायचा, राहिलेला खुंट कानशीने घासायचा, आणि एकाची खुंटी दुसऱ्याच्या भोकात दाबायची. डिंक नाही, लेप नाही, वाळवणं नाही. टक असा आवाज झाला की बसलं. माहितीपुस्तक जपानी, पण चित्रं इतकी स्वच्छ की अक्षर वाचायची गरज नाही. रोज दुपारी भांडी झाली की मी जेवणाच्या टेबलावर पसारा मांडायचे आणि तुमचे जावई त्यांच्या खुर्चीतून बघत बसायचे. पाय झाले, धड झालं, डोकं झालं. नेरळच्या मुलीने बघितलं आणि कपाळाला हात लावला. "काकू, हे पण तुम्हीच?" मी म्हटलं, "त्यांना नको आहे." ती म्हणाली, "नको आहे, की मिळत नाहीये?" मी उठले. तिला चहा दिला.

मग उजवा हात आला. तो मी मन लावून केला. एकेक पेर वेगळं, एकेक बोट वाकतं, इतकं की माझ्या चष्म्यालाही ते पेलत नव्हतं. पंजा मनगटाला, मनगट कोपराला, आणि मग खांद्यात बसवायचा. चित्रात यंत्रमानव उभा होता आणि बाण दाखवला होता. तुमच्या शेडमधला नियम माझ्या अंगात मुरलेला आहे: बाजू देवाची धरायची, आपली नाही. समोर बसलेल्याचा उजवा म्हणजे आपल्या डाव्या हाताला येतो तो. कोणी गिऱ्हाईक आपल्या उजव्याला उजवं म्हणालं की तुम्ही म्हणायचात, "तुमचा नाय हो, त्याचा बघा." तसं मी चित्र बघितलं, बाजू फिरवली, आणि हात दाबून बसवला. टक.

"चुकलं," खुर्चीतून आवाज आला.

मी बघितलं. झटका आल्यापासून त्यांनी मला एकदाही चूक म्हटलं नव्हतं. त्याआधीही फारसं म्हटलेलं नाही, ते सोडा.

"काय चुकलं? चित्र समोर आहे."

"अंगठा." मग, "अंगठा बाहेर."

खरंच अंगठा बाहेरच्या बाजूला होता. यंत्रमानव त्या एका हाताचा तळवा बाहेर काढून उभा होता, त्याच्या खिशात काही नाही हे दाखवावं तसा. तरी मी भांडले. म्हटलं, पुस्तकात बघा, उजवी बाजू हीच. त्यांनी काठीचं टोक पुस्तकावर टेकवलं. "पाठ," म्हणाले. "पाठ आहे."

बाबा, ते चित्र पाठीमागून काढलेलं होतं. मी साठी ओलांडलेली, भूमिती शिकवून निवृत्त झालेली बाई, आणि मला ते दिसलं नाही. का दिसलं नाही ते मला लगेच कळलं, म्हणून जास्त राग आला. तुमच्या शेडमध्ये कशालाच पाठ नव्हती. सगळे देव समोर तोंड करून बसलेले. पाठीमागे तुम्ही फक्त माती थापायचात, रंगाचा एक हात द्यायचात, बस्स. "पाठ कोन बगतो? तो भितीला टेकून बसनार." उभी असलेली प्रत्येक आकृती आपल्याकडेच बघते आहे असं मी आजवर धरून चालले. यांच्या पाठीमागूनच दीड वर्ष मी शर्ट चढवते आहे, तरीही.

मी हात उपटायला गेले. निघेना. खुंटी इतकी घट्ट बसली होती की ओढल्यावर खांद्याचा सांधाच वाकायला लागला. मी आणखी जोर लावणार, तेवढ्यात त्यांनी डावा हात पुढे केला. "दे." मी दिला. त्यांनी यंत्रमानव डाव्या काखेत असा दाबून धरला जसा कोणी कोंबडा धरतो, आणि मग तो मिटलेला उजवा हात छातीपासून हळूहळू खाली आणला आणि माझ्यापुढे धरला. रिकामा. काहीतरी हवं होतं फटीत घालायला. सुरी मी देणार नव्हते. मी चमच्यांतून तुमची कोरणी आणली, त्यांची बोटं उघडून तिच्यावर ठेवली, आणि हात बाजूला घेतला.

यापुढचं सांगायला मला जास्त कठीण जातं, कारण त्यात मी काहीच केलं नाही. कोरणी पडली. त्यांनी मांडीवरून उचलली. पुन्हा पडली. फटीत टोक गेलं आणि निसटलं, पांढऱ्या छातीवर ओरखडा उठला. माझा हात दोनदा पुढे गेला, तेव्हा मी दोन्ही हात मांडीखाली घालून त्यांच्यावर बसले, वर्गात मस्तीखोर पोरांना बसवायचे तशी. खाली मासळीवाली ओरडून गेली. कुकर शिट्ट्या देत राहिला, डाळ करपत असणार हे मला कळत होतं. त्यांच्या कपाळावर घाम होता आणि ओठ एका बाजूने घट्ट मिटलेला. अंगठा आणि शेजारची दोन बोटं कोरणीवर अशी वळलेली होती जशी मी दीड वर्षात पाहिली नव्हती. टक. हात निघाला, हवेत उडाला आणि पलंगाखाली गेला. आम्ही दोघंही तिकडे बघत राहिलो. मी उठले नाही. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "आता तरी... ऊठ. मला वाकता येत नाही."

मी हसले नाही. वाकले, उचलला, दिला. त्यांनी तो बरोबर बाजूला लावला. दाबायला त्यांना खुर्चीच्या हातावर टेकवून अंगाचा भार द्यावा लागला, पण लावला. डाळ खरंच करपली होती. तीच जेवलो.

डावा हात त्यांनीच केला, त्याला चार दुपारी लागल्या. कापायला मी, घासायला मी, बसवायला ते. मग फक्त डोळे राहिले. डोळे म्हणजे हिरव्या चमकीच्या दोन चिकटपट्ट्या, तांदळाच्या कणीएवढ्या. मी म्हटलं, हे मी करते. त्यांनी चिमटा डाव्या हातात घेतला, मग विचार करून उजव्यात घेतला. मी गॅलरीत जाऊन उभी राहिले. माथेरानचा डोंगर दिसतो आमच्या गॅलरीतून, तोच बघत राहिले आणि मनात तुमचं शेवटचं वर्ष आलं. तुमचा हात थरथरायचा. मनगटाखाली काठी टेकवून तुम्ही आखणी करता, सगळ्या मूर्तींचे डोळे स्वतःच उघडता, आणि मी रजा काढून आलेली, शेजारी उभी. एका मूर्तीचा डावा डोळा थोडा खाली उतरला. त्या घरचे लोक गणपती न्यायला आले, त्यांच्यातला म्हातारा वाकून बघतो आणि म्हणतो, "काका, औंदाचा बाप्पा आमाला डोळा मारतोय रं." तुम्ही म्हणता, "मारनारच. मागच्या सालाला आरतीत झोपला व्हतास, त्यानं बघितलंय." सगळे हसले आणि मूर्ती डोक्यावर घेऊन गेले. ते येण्याआधी मी तो डोळा नीट करायला ब्रश उचलला होता, तेव्हा तुम्ही मला काय म्हणालात ते मला अक्षर न् अक्षर आठवतं. "डोळं उघडलं का माती संपली. आता कुनी हात लावायचा नाय. वाकडा तर वाकडा."

आत आले तर तुमचे जावई यंत्रमानव हातभर लांब धरून बघत होते. उजवा डोळा सरळ. डावा खालच्या बाजूला सरकलेला. ते म्हणाले, "डोळा... मारतोय." चौकची ती गोष्ट त्यांना आठवली की जे दिसलं ते सांगितलं, मी विचारलं नाही. लेकीला फोनवर दाखवला तर ती आधी म्हणाली, "आई, खरं सांग, कोणी केला?" आणि मग फोन जवळ धरून तो डोळा बघू लागली. मग म्हणाली, "पप्पा, पोझ द्या ना त्याला. नुसता काय उभा." त्यांनी त्याची तलवार काढून टाकली. उजवा हात वर उचलला, कोपर वाकवलं, आणि एकेक बोट उघडत गेले. आधी यंत्रमानवाचं एक बोट, मग थांबून आपलं, जेवढं उघडेल तेवढं. तळवा समोर. आता तो टीव्हीवर तसा उभा आहे. ही पोझ त्यांनी तुमच्या फळीवरून घेतली की चौकातल्या ट्रॅफिक पोलिसावरून, मला माहीत नाही.

घास अजून पडतो, बाबा. चमचा धरतात, तोंडाशी येईतो वाकडा होतो. अक्षर परत यायचं नाही, ते मी धरून चालले आहे. नेरळची मुलगी म्हणते बोटं मोकळी होताहेत, काकूंनी असंच लांब बसावं. लांब बसण्याने मी जितकी दमते तितकी काम करून कधी दमले नाही. जेवायला आता तासभर लागतो. मी हात मांडीखाली घालून समोर बसते.

हे कागद टाकायला पत्ता नाही. तुमच्या शेडच्या जागी टायरचं दुकान आहे. पेटीत काही तुकडे उरले आहेत. उरतातच, असं लेक म्हणते, प्रत्येक पेटीत जास्तीचे असतात. त्यांच्याबरोबर हे कागदही ठेवीन.

एक राहिलं. काल दुपारी ते झोपल्यावर मी चिमटा घेऊन टीव्हीपाशी गेले. तुम्हांला लिहिणार होते की तुमची आठवण झाली आणि मी डोळ्याला हात लावला नाही. लावला. नखाने पण लावला. पक्का चिकटलाय, निघत नाही.